चिमूटभर कमी बारूद

"लुबोऽऽर, अंडी उबवतोयस का रे?"

हिनेक खाटकाच्या शब्दांना नेहमीच शेपट्या असतात. 'लुबोर'मधला ओकार दगडखाणीच्या एका भिंतीवर आपटायचा, दुसऱ्या भिंतीवर आपटायचा आणि मगच संपायचा. लुबोर वात्सुल्का गाडीच्या मागच्या सीटवर काडतुसांचे दोन डबे कोटाच्या आत पोटाशी धरून बसला होता, आणि खरोखरच उबवत होता.

"पाठ धरलीय," लुबोर म्हणाला.

"पाठ धरली की माणूस पोट धरतो होय? बघ बाबा. पिल्लं निघाली तर दोन मला ठेव."

एप्रिल लागला होता तरी खाणीतल्या डबक्यांवर सकाळी काचेसारखा बर्फ होता. थंडीत बारूद आळशी होते. गोळी निघते, पण झोपेतून उठवल्यासारखी निघते. उन्हाळ्यात जे काडतूस कसंबसं निभावून जातं ते अशा सकाळी नापास होतं, आणि लुबोरनं भरलेली काडतुसं उन्हाळ्यातसुद्धा निभावून जाणारी नव्हती. हे पिस्तुलांच्या स्पर्धेसाठी खाणीत जमलेल्या सगळ्या माणसांपैकी एकट्या लुबोरला माहीत होतं. ती काडतुसं जिच्या पिस्तुलातून उडणार होती त्या त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं.

द्राहा त्या वेळी पहिल्या फेरीच्या मैदानात हवेत बोट रोखून चालत होती. या खेळात सगळेच तसं करतात. पळता पळता, फळ्यांच्या आडून, खिडक्यांतून टार्गेटांवर गोळ्या झाडायच्या असतात. कुठे उभं राहायचं, कुठे मॅगझीन बदलायचं, हे आधी रिकाम्या हातानं पाठ करावं लागतं. पन्नाशीच्या पुढची, शाळेच्या स्वयंपाकघरात चाळीस किलोची पातेली हलवणारी द्राहा दोन्ही हातांनी न दिसणारं पिस्तूल धरून, ओठांनी 'टप टप' करत फळ्यांमधून सरकत होती. मधेच थांबून मान हलवत होती, परत मागे जात होती. फार खुशीत होती. ही जिल्ह्याची स्पर्धा होती. बायकांतल्या पहिल्या तिघी जिल्ह्याच्या संघात जाणार होत्या, आणि द्राहानं संघाबरोबर जाण्यासाठी सप्टेंबरची रजा मुख्याध्यापिकेकडून आधीच मागून ठेवली होती.

हे सगळं सुरू झालं बटाट्याच्या बादलीपासून. काही वर्षांपूर्वी शाळेच्या मागच्या अंगणात बर्फावरून तिचा पाय सटकला. बादली सोडायची सोडून तिनं ती घट्ट धरून ठेवली आणि उजवं मनगट बादलीखाली आलं. हाडात धातूच्या पट्ट्या घातल्या, खिळे ठोकले. प्लास्टर काढताना तालुक्याचा डॉक्टर नाकातल्या नाकात म्हणाला होता, "पिस्तूल विसरा आता, वात्सुल्कोवा बाई. कणीक लाटतानासुद्धा जपून." द्राहा घरी येऊन त्याची नक्कल करायची, इतकी हुबेहूब की लुबोरला हसू आवरायचं नाही. नक्कल संपली की मात्र ती खिडकीशी जाऊन बसायची. दर रविवारी पिस्तूल उघडायची, पुसायची, तेल द्यायची आणि परत कपाटात ठेवायची. एकदा नेमबाजीच्या क्लबात नेऊन तिनं दोन गोळ्या झाडल्या, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "थंडी वाजतेय, मी गाडीत बसते." जुलै महिना होता, भर उन्हाळा.

लुबोर गावच्या पाणीपुरवठ्यावर कामाला. कुठल्या गल्लीत दाब थोडा कमी केला तर कुणाला कळत नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्याच रात्री तो तळघरात उतरला. काडतुसं तो घरीच भरायचा, दोघांचीही. काडतुसं भरायच्या यंत्राचा बारूद सोडणारा स्क्रू त्यानं केसभर मागे फिरवला. पुढच्या खेपेला द्राहानं पूर्ण मॅगझीन रिकामं केलं आणि काही बोलली नाही. त्यानं स्क्रू आणखी जरा मागे घेतला. त्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "त्या डॉक्टरला सांग, ये म्हणावं. ये आणि बघ."

यानंतर तो कसा बोलणार होता?

क्लबाच्या स्पर्धांत कुणी काही मोजत नाही. सगळे ओळखीचे. कमी बारुदीचं काडतूस हाताला कमी हिसका देतं, पिस्तूल उसळत नाही आणि दुसरी गोळी पटकन जागेवर बसते. द्राहा जिंकायला लागली. शरद ऋतूतल्या स्पर्धेत डुकराची अख्खी, धुरावर वाळवलेली तंगडी जिंकली, ती पोटमाळ्यावर टांगली, आणि आल्यागेल्याला शिडी चढायला लावून दाखवली. मनगट बरं झालं, माझ्या हट्टानं बरं झालं, असं ती सांगायची. तंगडी ताटात आली की लुबोर नुसते बटाटेच खायचा.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मात्र वेग मोजायचं यंत्र असतं. गोळीचं वजन आणि वेग यांचा गुणाकार ठरलेल्या आकड्याच्या खाली आला, तर त्या माणसाचे दिवसभराचे सगळे गुण शून्य. द्राहानं नाव नोंदवलं ते लुबोरला न विचारता, त्याला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून. धक्का बसलाच. तेव्हापासून त्यानं स्क्रू चोरून चोरून पुढे सरकवून पाहिला होता. सरावाहून आल्यावर द्राहा भांडी घासायला घ्यायची आणि उजवा हात गरम पाण्यात बुडवून नुसतीच उभी राहायची. "हवा बदलतेय," म्हणायची. तो परत तळघरात जायचा आणि स्क्रू मागे घ्यायचा. रोज सकाळी ठरवायचा, आज सांगू. रोज ती आरशासमोर बोट रोखून उभी असायची.

म्हणून त्यानं शेवटी जे केलं ते केलं. मापासाठी आठ काडतुसं अचानक, कुठल्याही फेरीनंतर काढून नेतात, आणि नेणारे इंजिनियरसाहेब नेहमी कमरपट्ट्याच्या सगळ्यात मागच्या मॅगझीनला हात घालतात, असं त्यानं ऐकलं होतं. ते शेवटचं मॅगझीन द्राहाला कधी लागतच नसे. तिची मॅगझीनं भरायचं काम लुबोरचंच होतं. त्यानं ते शेवटचं मॅगझीन आपल्या स्वतःच्या, भरपूर बारुदीच्या काडतुसांनी भरलं.  लबाडी होती, त्याला कळत होतं. पण इंजिनियरसाहेबांचा हात दुसरीकडे गेला तर? म्हणून तो बाकीची काडतुसं पोटाशी धरून उबवत होता.

पहिल्या तीन फेऱ्या द्राहा अशी खेळली की शेजारच्या टोळीतली, म्हणजे एकत्र फेऱ्या खेळणाऱ्या दुसऱ्या गटातली, माणसं चहा हातात धरून बघायला आली. गोळ्या झाडून झाल्या की टोळीतले सगळे पळत जाऊन टार्गेटांची भोकं कागदी पट्ट्यांनी बुजवतात. लुबोर बुजवायला गेला तर दोन-दोन भोकं एकमेकांना चिकटलेली.

"पेरणीचं यंत्र आहे ही," हिनेक पट्टी दातानं तोडत म्हणाला. "माझी बायको एवढ्या जवळ-जवळ कोबी लावत नाही. लुबोर, तू घरी हिच्याशी भांडतोस कसा रे? मी तर बशी चुकीच्या जागी ठेवायलाही भ्यालो असतो."

"भांडत नाही," लुबोर म्हणाला.

"दिसतंय."

चौथ्या फेरीत लोखंडी बाहुला होता. कमरेएवढा, जाड पत्र्याचा. गोळी पुरेशा जोरानं बसली की तो मागे कोसळतो, आणि कोसळल्याशिवाय गुण नाहीत. लुबोरनं तो लांबूनच पाहिला आणि त्याच्या पोटातली सगळी ऊब एकदम गेली. यंत्राचाच विचार करकरून तो बाहुल्यांना विसरला होता. क्लबातले बाहुले जुने, गंजलेले, फुंकर मारली तरी पडायचे. हा नवा होता, आणि वाऱ्यानं पडू नये म्हणून जरा पुढे कलवून घट्ट केलेला होता.

"द्राहा," तो म्हणाला. ती उभी राहायच्या खुणेपाशी चालली होती.

"काय?"

"बाहुला... जरा वरच्या बाजूला मार. डोक्यावर."

"मला शिकवतोस?" ती हसली आणि कानांवर आवाज अडवणारी झापडं चढवली.

या खेळात हुकूम इंग्रजीत द्यायची रीत आहे. म्हाताऱ्या पंचाच्या तोंडून ते हुकूम गाईला हाकारल्यासारखे यायचे. "आर्र यू रेड्यीऽ," तो म्हणाला. मग शिट्टी वाजली.

कागदी टार्गेटं तिनं वाटेत वेचत नेली. बाहुल्याकडे वळली. 'टण्ण'. बाहुला हलला आणि उभाच राहिला. पुन्हा 'टण्ण'. डोलला. उभा.

"नवरा झालाय तो," हिनेक मागून कुजबुजला. "ऐकून घेतो सगळं, जागचा ढळत नाही."

कुणीतरी खिसकन हसलं. द्राहानं आणखी तीन गोळ्या घातल्या. सगळ्या लागल्या, सगळ्या वाजल्या. तिनं मॅगझीन बदललं. वेळ पळत होता. पुढची टार्गेटं उरकून ती परत बाहुल्याकडे आली, मॅगझीन पुन्हा संपलं, आणि तिचा डावा हात कमरपट्ट्यावरून सरकत सरकत सगळ्यात मागच्या मॅगझीनपाशी गेला. 'नको' असं लुबोर मोठ्यानं म्हणाला की मनात, हे त्यालाच कळलं नाही.

पहिल्याच गोळीला पिस्तूल तिच्या हातात घोड्यासारखं उसळलं. बाहुला धाडकन आडवा झाला.

आणि द्राहा थांबली. घड्याळ चालू असताना या खेळात कुणी थांबत नाही, उचकी लागली तरी थांबत नाही. ती उभी राहून हातातल्या पिस्तुलाकडे बघत होती. मग उरलेल्या दोन टार्गेटांवर सावकाश, एकेक करून गोळ्या झाडल्या. प्रत्येक गोळीला तिचा खांदा आत चोरला जात होता. पिस्तूल रिकामं करून पंचाला दाखवलं, ते मॅगझीन परत पट्ट्यात खोचलं, पिस्तूल कमरेला लावलं, आणि वळली. एवढ्या माणसांत तिला लुबोरला शोधावं लागलं नाही.

"म्हणजे असं बघा," इंजिनियरसाहेब नेमके तेव्हाच प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आले. ते प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात आणि वाक्य संपल्यावर चष्मा वर करतात. "म्हणजे असं बघा, वात्सुल्कोवा बाई, आठ काडतुसं लागतील." त्यांनी हात पुढे केला. ऐकलं होतं ते खरं होतं. हात सरळ मागच्या मॅगझीनकडे गेला.  सगळं अजून निभावणार होतं.

द्राहानं मॅगझीन काढून खिशात टाकलं. "यातली नकोत."

"निवड माझी असते, बाई."

"ही माझी नाहीत. नवऱ्याची आहेत. चुकून भरली." तिनं लुबोरजवळच्या डब्यातून काडतुसांची मूठ काढून पुढे केली. "मी सकाळपासून मारतेय ती ही."

इंजिनियरसाहेबांनी चष्मा वर केला, आठ मोजून घेतली, पिशवीवर नाव लिहिलं.

"डोळे तपासून घे लुबोर," हिनेक म्हणाला. "उद्या माझ्या दुकानातून सॉसेज म्हणून हातरुमाल नेशील."

ती लुबोरला गाड्यांच्या मागे घेऊन गेली. तिथे कुणी नव्हतं.

"किती कमी आहे?"

"चिमूटभर."

"कधीपासून?"

त्यानं कोटाची बटणं लावली.

"लुबोर, मी विचारतेय, कधीपासून?"

"तू गाडीत जाऊन बसलीस ना. तेव्हापासून."

तिनं गाडीच्या टपावर हात टेकला. "म्हणजे सगळंच," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "सगळंच की रे."

"तू हसायला लागलीस. मला वाटलं, हळूहळू वाढवत नेईन. तुला कळायचं नाही आणि हात आपोआप... वाढवलं की तू पाण्यात हात घालून उभी राहायचीस. मला बघवायचं नाही."

"आणि मी सगळ्या गावाला सांगत फिरले. मला बोलू दिलंस."

"द्राहा, अजून मोजलेलं नाही. आजारी आहे म्हण. मी सांगतो त्यांना, चक्कर आली म्हणतो. नाव काढून घेऊ, घरी जाऊ. कुणाला काही कळणार नाही."

"मी तुझ्यासाठी आजारी पडायची नाही," ती म्हणाली आणि यंत्राच्या तंबूकडे चालायला लागली. तो मागोमाग गेला. दुसरं काय करणार?

एका काडतुसाची गोळी उपटून तोलली. मग इंजिनियरसाहेबांनी तिच्याच पिस्तुलातून तीन झाडल्या. आकडे पाहिले, घसा खाकरला. नियमानं आणखी तीन झाडल्या. टोळी तंबूच्या दोरीपाशी गोळा झाली होती. हिनेक बोटं मोडत होता.

"म्हणजे असं बघा, बाई. पुरत नाही. आता एकच उरलंय. ते झाडून बघू, का उपटून तोलू? गोळी जरा जड निघाली तर हिशेब बदलतो कधीकधी. निवड तुमची."

द्राहा लुबोरकडे वळली. "तू भरलंयस. तू सांग."

सगळे त्याच्याकडे बघत होते. काहीही केलं तरी फरक पडणार नाही हे त्याला माहीत होतं आणि आता तिलाही माहीत होतं. त्याला त्या कमी बारुदीच्या गोळीचा दबलेला, मऊ आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता.

"तोला," तो म्हणाला.

इंजिनियरसाहेबांनी चिमट्यानं गोळी उपटली, इवल्याशा काट्यावर ठेवली, वाकून पाहिलं. "गोळी बरोबर आहे. वजनात काही खोट नाही." चष्मा वर. "बारूदच कमी आहे. चांगलीच कमी. खेळायचं तर खेळा पुढे, पण गुण धरता येणार नाहीत."

 मग हिनेकच्या गळ्यातून आवाज निघाला, या वेळी शेपटीशिवाय. "लुबोर? काय केलंस तू?"

"मी—" लुबोर म्हणाला.

"मी सांगितलं त्याला," द्राहा म्हणाली. "मीच. म्हटलं, कमी भर, झटझट मारता येईल. तो नको म्हणत होता."

लुबोरनं तोंड उघडलं. तिनं त्याच्या बुटावर पाय ठेवला आणि सगळा भार टाकला.

"अगं बाई," हिनेक म्हणाला. मग जीव भांड्यात पडल्यासारखा हसला. "अगं चोरटे! आणि ती तंगडी? ती पण? मी रडत होतो गं त्या दिवशी. माझ्या दुकानातली तंगडी परत कर, नाहीतर चोखलेली हाडं तरी दे."

"हाडं कुत्र्याला घातली," द्राहा म्हणाली. टोळी हसली. काहीजण हसले नाहीत आणि दुसरीकडे बघत निघून गेले, पण बरेचसे हसले.

"असं का बोललीस?" बाजूला आल्यावर लुबोरनं विचारलं.  "मी सांगतो त्यांना खरं. आत्ता जाऊन सांगतो."

"खबरदार. चोर म्हणू देत. चोराशी भांडतात, चोराला शिव्या देतात, पुढच्या महिन्यात परत खेळायला बोलावतात. लुळी म्हणाले ना लुबोर, तर खुर्ची आणून देतील मला. सरबत आणून देतील." तिनं हात पुढे केला. "तुझा डबा दे."

"कुठला?"

"पूर्ण बारुदीचा. दोन फेऱ्या बाकी आहेत."

"गुण नाहीत तर कशाला? मनगट—"

"दे म्हटलं ना."

त्यानं दिला. तिनं आज पहिल्यांदाच स्वतःची मॅगझीनं स्वतः भरली, अंगठ्यानं एकेक काडतूस दाबत, आणि तो शेजारी मोकळ्या हातांनी उभा राहिला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

शिट्टी वाजली. पाचव्या फेरीतल्या पहिल्या चार गोळ्या ठीक गेल्या. पाचवीनंतर तिनं पिस्तूल पुन्हा नीट धरायला क्षणभर घेतला. मग प्रत्येक गोळीनंतर घ्यायला लागली. ती पळत नव्हती, चालत होती, दात आवळून, फळीमागून फळीमागे, आणि लुबोर टार्गेटांकडे बघतच नव्हता. तो मनगटाकडे बघत होता. मागे टोळीतली कुजबुज एकेक करून थांबत गेली. हिनेकची सुद्धा.

फेरीतली शेवटची गोळी झाली. म्हातारा पंच म्हणाला, पिस्तूल रिकामं करून दाखवा. मॅगझीन काढलं. आता उजव्या हातात पिस्तूल घट्ट धरून डाव्यानं वरचा भाग मागे खेचायचा, आत काडतूस नाही हे दाखवायचं, बस. तिनं खेचला. उजवा हात पिस्तुलासकट मागे आला. तिनं पुन्हा खेचला. बोटं वळतच नव्हती. नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे होती आणि ती तिथून हलू नये म्हणून तिचं अख्खं शरीर ताठ झालं होतं. अशा वेळी दुसऱ्या कुणी पिस्तुलाला हात लावायचा नाही, नवऱ्यानं तर नाहीच. लुबोर रेषेच्या अलीकडे उभा होता. तिथून चार पावलांवर ती होती.

"घाई नाही," पंच आपल्या भाषेत, एकदम हळू म्हणाला. "सावकाश, मुली."

तिनं कोपर बरगडीत रुतवलं, पिस्तूल पोटापुढे आणून आडवं न होऊ देता दोन्ही हातांनी एकमेकांविरुद्ध ओढलं. काडतूस मातीत पडलं. पंचानं आत वाकून पाहिलं आणि मान हलवली. पिस्तूल म्यानात गेलं तेव्हा तिचा उजवा हात तसाच वाकडा, अर्धवट मिटलेला राहिला. लपवायला तिला खिसा सापडेना.

टार्गेटं बुजवायला कुणी पळालं नाही.

"बोल की रे काहीतरी," द्राहा हिनेकला म्हणाली. "चोरटी म्हण. तंगडी माग."

 दिवसभर ज्याच्या तोंडाला खीळ नव्हती तो हिनेक टोपी काढून हातात फिरवत उभा राहिला. मग त्यानं शेजारच्या पोराच्या ढुंगणाखालची घडीची खुर्ची ओढून घेतली आणि उचलून तिच्याकडे आणायला लागला, दोन्ही हातांनी, जपून.

"लुबोर," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "लुबोर, त्याला थांबव."

लुबोर पुढे झाला आणि हिनेकच्या वाटेत उभा राहिला. खुर्चीचे पाय त्याच्या छातीला लागले. हिनेक थांबला नाही, तेव्हा लुबोरनं खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि मागे ढकलायला लागला.  लुबोरच्या पाठीमागे द्राहा डाव्या हातानं कागदी पट्ट्यांची गुंडाळी उचलून टार्गेटांकडे एकटीच चालत गेली होती.